पितळी भंगार (नाशिक)

पितळी भंगार : वापरातून गेलेली पितळेची भांडी, नळ-तोट्या, विजेच्या साहित्याचे भाग आणि कारखान्यांतील कातरण व कीस गोळा करून, जातीनुसार निवडून विकण्याचा व्यवसाय. नाशिकमध्ये हा माल दोन वाटांनी येतो. जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या आसपास घरगुती मोड येते : हंडे, कळश्या, पराती, घंगाळी. दुसरीकडे सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतून लेथवरचा (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावरचा) कीस आणि पंचिंगची, म्हणजे पत्र्यातून भाग ठोकून काढल्यावर उरणारी, कातरण निघते. दोन्ही माल पिवळेच. पण एका पोत्यात भरले की दोन्हींचा भाव पडतो. या धंद्यातला नफा स्वस्तात घेण्यापेक्षा नीट निवडण्यात अधिक आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. पत्र्याच्या भांड्यांत तांबे साधारण ६० ते ७० टक्के असते आणि शिसे जवळजवळ नसते. लेथवर कापायच्या सळईत मात्र २ ते ३ टक्क्यांच्या आसपास शिसे मुद्दाम घातलेले असते. त्यामुळे कीस बारीक तुटतो आणि हत्यार जास्त टिकते. हा कीस भांड्यांच्या मोडीत मिसळून ओतला, तर त्याचा पत्रा लाटताना चिरतो, शिवाय शिसे अन्नाच्या भांड्यात शिरते. याउलट सळई ओतणाऱ्याला शिसे असलेलाच कीस हवा असतो.

निवडीची साधने साधी आहेत : लोहचुंबक, कानस, हातोडी आणि काटा. चुंबकाला चिकटले ते पितळ नव्हे, मुलामा दिलेले लोखंड. न चिकटलेले सगळे पितळ असते असेही नाही. क्रोम चढवलेल्या नळाची मूठ पुष्कळदा जस्ताच्या ओतकामाची असते. ती हाताला हलकी लागते आणि हातोडीने मोडली की आत करडी दिसते. कानस मारल्यावर रंग लालसर दिसला तर तो गनमेटल हा तांब्याचा दुसरा मिश्रधातू असण्याची शक्यता असते. त्यात कथील आणि जास्त तांबे असल्याने तो पितळेत घालवणे म्हणजे पदरचे पैसे घालवणे. जर्मन सिल्व्हर पांढरे दिसते, पण त्यात चांदी नसते. घरगुती मोडीत बंब आला तर आधी त्याची तोटी काढावी : अंग तांब्याचे, तोटी पितळेची, आणि तांब्याचा भाव वरचा.

समजा, १०० किलो जुन्या नळांत स्क्रू, वायसर आणि मुठी मिळून १० किलो परका माल निघाला. घेताना तो पितळेच्या भावाने तोलला असेल, तर नफा तिथेच संपला. म्हणून जाणता भंगारवाला घेतानाच घट धरतो, म्हणजे परक्या मालाचे वजन वजा करतो. कीस घेताना तर अधिकच, कारण तो तेलाने ओला असतो आणि त्याच लेथवर आदल्या पाळीत लोखंड कापले असेल तर तेही त्यात मिसळलेले असते. बारीक कीस वितळताना जास्त जळतो, त्यामुळे त्याला ठोस तुकड्यांपेक्षा कमी भाव मिळतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पितळही जवळपास त्याच तापमानाला वितळते. मुशीतून उठणारा पांढरा धूर म्हणजे उडून जाणारे जस्त. तो छातीत गेला की काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो.

पितळाचा भाव लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या जागतिक बाजारातील तांबे आणि जस्त यांच्या दरांमागे चालतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात स्वच्छ, मिश्र पिवळ्या पितळेला ‘हनी’ म्हणतात. पितळी सुट्या भागांचे मोठे केंद्र असलेल्या जामनगरातही हेच नाव चालते.

सगळेच मोडीत घालू नये. समई, पानदान, नक्षीचा डबा यांना वजनापेक्षा अखंड वस्तू म्हणून जास्त किंमत येते. १०० वर्षांहून जुनी मूर्ती हाती आली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा विचार करावा लागतो; अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. देवळालीच्या लष्करी तोफखाना परिसरामुळे नाशिकला आणखी एक जोखीम आहे. रिकामे काडतूस उत्तम पितळेचे असते खरे, पण सराव-मैदानातून उचललेल्या तुकड्यात न फुटलेला दारूगोळा असू शकतो. असा माल घेऊ नये, ठोकू तर नयेच.

सातपूर-अंबड लिंक रोडवरील भंगार बाजारावर महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठी कारवाई केली होती. चोरीचे नळ आणि पाणीमीटर हा या धंद्याला चिकटलेला जुना डाग. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे विकणाऱ्याची ओळख आणि पावती ठेवलेली बरी. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यावरचा जीएसटी स्वतः भरावा लागतो. हातगाडीवाल्याकडून किलोमागे किती द्यायचे, हे ठरवताना आता तोही हिशेबात धरावा लागतो.