खाराच्या काकडीला कुरकुरीत कवच

भजी तळताना मुरलेला हात कढईकडे डोळ्यांइतकाच कानानेही लक्ष ठेवतो. भजी सोडली की तेल खवळतं, चरचर वाढते. मग बुडबुडे बारीक होत जातात, आवाज ओसरतो आणि झारा आत जातो. हा सगळा आवाज पाण्याचा असतो. १८० अंशांना तेल उकळत नाही. आपण बघतो ते बुडबुडे पिठातल्या आणि कांद्यातल्या पाण्याच्या वाफेचे. पाणी सरत आलं की तेल शांत होतं. तळणं म्हणजे मुळात पदार्थाच्या पृष्ठभागातलं पाणी झटपट हाकलणं, आणि हे एकदा मनात ठसलं की एअर फ्रायर कुठे साथ देतो आणि कुठे देत नाही याचा उलगडा होतो.

त्यासाठी मी मुद्दाम एक अवघड पदार्थ निवडला आहे: अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांत आवडीने खातात ते ‘फ्राइड पिकल्स’. तिथे पिकल म्हणतात ते आपलं तेल-मोहरीचं लोणचं नव्हे. खारातल्या मिरच्या, खारवलेल्या कैऱ्या हे त्याचे आपल्याकडचे नातलग. कोवळ्या, बुटक्या काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवायच्या किंवा थेट व्हिनेगरमध्ये मुरवायच्या. सोबत लसूण आणि ‘डिल’. हे डिल म्हणजे आपला शेपू. त्याचं बी आपण बाळंतशोपा म्हणून ओळखतो, त्यामुळे बरणी उघडल्यावर येणारा वास मराठी नाकाला अगदीच परका वाटत नाही.

आर्कान्सा राज्यातल्या अ‍ॅटकिन्स या छोट्या गावात पिकलचा कारखाना होता. त्याच्या समोरच ‘डचेस ड्राइव्ह-इन’ नावाचं खाण्याचं ठिकाण बर्नेल ऑस्टिन चालवत. १९६३ मध्ये त्यांनी पिकलच्या चकत्या पिठात बुडवून तळून विकायला सुरुवात केली आणि पदार्थ गाजला. त्याच्या आधी, १९६२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका वृत्तपत्रात अशा तळलेल्या पिकलची कृती छापून आली होती, तेव्हा पहिला मान कुणाचा यावर वाद घालता येईल. अ‍ॅटकिन्समध्ये मात्र त्याच्या नावाने ‘पिकलफेस्ट’ ही जत्रा भरते.

आपला त्याच्याशी एक खरा धागा आहे. या बुटक्या काकड्या, म्हणजे घेर्किन, परदेशी पाठवण्यात भारत आज जगात आघाडीवर आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात लहान प्रमाणावर ही शेती सुरू झाली, मग तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात पसरली. साधारण तीन महिन्यांचं पीक, बहुतेक करार शेतीतलं. अमेरिकेतल्या दुकानातल्या बरणीत कर्नाटकातल्या तुमकूरकडची काकडी असणं मुळीच अशक्य नाही.

आता ही काकडी अवघड का, ते बघू. चकतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते पाणी खारट आणि आंबट. आणि या ओल्या चकतीभोवती आपल्याला कोरडं, सोनेरी, चावताना आवाज करणारं कवच हवं आहे.

कढईत हे सोपं जातं, कारण तेल उष्णता फार वेगाने पोचवतं. ओव्हन २०० अंशांवर तापलेला असताना आपण आत हात घालून ट्रे बाहेर काढतो. हवा झोंबते, पण हात भाजत नाही. त्याच तापमानाच्या तेलाचा एक थेंब उडाला तर फोड येतो. तापमान सारखं, पण तेल त्वचेला उष्णता हवेच्या कित्येक पटीने वेगात देतं. म्हणूनच पातळ पीठसुद्धा तेलात पडल्या पडल्या आवळतं. एअर फ्रायरमध्ये तसं पीठ आवळण्याआधीच जाळीतून खाली गळतं. अ‍ॅटकिन्सची पिठात बुडवलेली चकती या यंत्रात जमत नाही ती यामुळे. इथे पाव-चुऱ्याचं कवचच लागतं.

एअर फ्रायर हा खरं तर लहान, जोराच्या पंख्याचा ओव्हन आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला, तेव्हापासून हे नाव घरोघरी गेलं. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. पंख्याचं काम मोलाचं आहे. कुठल्याही ओल्या वस्तूभोवती दमट हवेचा पातळ थर चिकटून बसतो आणि तो उष्णता अडवतो. वेगाने फिरणारी हवा तो थर सतत खरवडून काढते. गरम चहावर फुंकर घातल्यावर तो लवकर निवतो तेही याच कारणाने, फक्त उष्णतेची दिशा उलट.

पण हवेला एक मोठी अडचण आहे, आणि ती समजायला आपल्या माठासारखं दुसरं उदाहरण नाही. माठाच्या अंगावरून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून मे महिन्यातही आतलं पाणी गार. ओली चकती २०० अंशांच्या हवेत ठेवली तरी ती माठासारखीच वागते. पृष्ठभागावरून पाणी उडत असेपर्यंत तो पृष्ठभाग १०० अंशांच्याही बराच खाली राहतो. बाहेरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. आणि सोनेरी रंग, खमंग वास देणारी, प्रथिनं आणि साखर यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणजे ओलं आहे तोवर तांबूस होणं नाही. सुरमईला रवा लावून एअर फ्रायरमध्ये ठेवली आणि रवा पांढराच राहिला, अशी तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. यंत्रात दोष नसतो. तव्यावर रव्याच्या कणाकणाला तेल उष्णता पोचवत होतं. इथे कोरडा कण हवेच्या भरवशावर आणि त्याच्याखाली ओला मासा.

यातून मार्ग असा: जे काम हवेला झेपत नाही, ते आधीच उरकून घ्यायचं.

पहिलं काम पुसण्याचं. चकत्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या. फार पातळ केल्या तर आत काही उरत नाही, फार जाड केल्या तर पाणी संपत नाही. त्या स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात मांडा, वरून दुसरं फडकं दाबा, पंधरा मिनिटं ठेवा. फडकं उचललं की प्रत्येक चकतीचा ओला गोल छाप दिसतो, मध्ये बियांच्या जागी जास्त गडद. तो छाप म्हणजे एअर फ्रायरच्या वाट्याचं वाचलेलं काम. मग फडक्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा एकदा दाबा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळा पदार्थ तिच्यावर उभा आहे.

दुसरं काम चुऱ्याचं, आणि माझ्या मते खरी किल्ली इथे आहे. पावाचा चुरा टोपलीत जाण्याआधीच तव्यावर भाजून घ्यायचा. दीड वाटी चुऱ्याला दोन मोठे चमचे तेल, मंद आच, हात न थांबवता, बदामी होईपर्यंत. चिवड्याचे पोहे भाजताना जसा कणांचा आवाज बदलतो, आधी मऊ आणि मग खळखळीत, तसंच इथे ऐकू येतं. रंग आणि खमंगपणा इथेच तयार झाला. आता एअर फ्रायरला फक्त कवच वाळवून गरम करायचं उरतं. आंबटपणावरही हाच तोडगा आहे. मेलार्ड अभिक्रियेसाठी प्रथिनांच्या घटकांमधला अमिनो गट मोकळा असावा लागतो. आम्लात तो हायड्रोजन आयन धरून बसतो आणि साखरेशी जुळायला नाखूश होतो. म्हणून आंबट पाण्याने भिजलेला चुरा फिकाच राहतो. उलट टोक आपल्या ओळखीचं आहे: भज्यांत सोडा जास्त पडला की ती लालभडक होतात.

चुरा जपानी ‘पांको’ असेल तर उत्तम. त्याचा पाव भट्टीत न भाजता कणकेतून वीज सोडून तयार करतात. कणीक विजेला विरोध करते, आतून तापते, आणि पापुद्रा न धरलेला पांढरा पाव मिळतो. त्याचा चुरा गोल कणांचा नसून लांबट, टोकदार तुकड्यांचा होतो. तुकड्यांमधल्या फटींतून वाफ बाहेर पडते आणि हवा आत शिरते.

चुरा चकतीला धरून राहावा म्हणून मध्ये दोन थर लागतात. आधी मैदा आणि कॉर्नफ्लॉवर समप्रमाणात, अगदी पातळ. जास्तीचा झटकून टाका. तो उरलेला ओलावा टिपतो. मग फेटलेलं अंडं. त्यातली प्रथिनं साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान गोठतात आणि चुऱ्याला खिळवून ठेवतात. अंडं चालत नसेल तर मैदा-कॉर्नफ्लॉवरची चमच्याला चिकटेल इतपत दाट पेज चालते. त्यातला स्टार्च फुगून तेच काम करतो. कोरड्या थराशिवाय अंडं ओल्या सालीवरून घसरतं आणि भाजताना खालच्या वाफेने सगळं कवच टोपीसारखं सुटून येतं. चुऱ्यात घोळवल्यावर तळव्याने हलकं दाबा आणि दहा मिनिटं तशाच राहू द्या.

मग २०० अंश, आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटणं. चकत्या एकमेकींना टेकू देऊ नका. टोपली गच्च भरली की प्रत्येक चकतीची वाफ शेजारणीवर बसते आणि यंत्राचा मोदकपात्र होतो. दोन खेपांत करावं लागलं तरी चालेल.

एवढ्या उष्णतेत काकडीचा लगदा का होत नाही, हा प्रश्न मला या सगळ्यात जास्त आवडतो. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजताना ते तुटतं आणि भाजी मऊ पडते. आंबट माध्यमात पेक्टिनचं हे तुटणं फार मंदावतं. आमटीत चिंच घाईने टाकली की डाळ शिजत नाही, तो हाच प्रकार. शिवाय बऱ्याच बरण्यांत कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना आपसांत बांधून टाकतं. कोहळ्याचा पेठा करताना चुन्याच्या निवळीत फोडी ठेवतात ते याचसाठी. म्हणून बाहेरचं कवच कोरडं कडक आणि आतली चकती रसरशीत करकरीत, असे दोन वेगवेगळे करकर एका घासात मिळतात.

आवाजाला इथे चवीइतकंच महत्त्व आहे. चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी या संशोधकांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज बदलून त्यांच्याच कानात सोडला. आवाज मोठा केला किंवा त्यातले तीव्र स्वर वाढवले, की लोकांना चिप्स जास्त ताजे, जास्त कुरकुरीत वाटले. चिप्स तेच होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाला २००८ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

हा आवाज येतो कारण वाळलेला स्टार्च आणि प्रथिनं काचेसारखी वागतात. काच वाकत नाही, तडकते. कवचाच्या पातळ भिंती एकामागून एक तडकतात, तीच कुरकुर. त्यात थोडं पाणी शिरलं की रेणूंना हलायला जागा मिळते, काचेचं चामडं होतं, आणि भिंत तडकण्याऐवजी वाकते. मराठीत याला नेमका शब्द आहे, सादळणं. श्रावणात उघडा राहिलेला पापड हवेतल्या ओलाव्याने सादळतो. आपल्या चकतीला पावसाची गरज नाही. तिचा पावसाळा तिच्या पोटातच आहे. टोपलीतून बाहेर आल्या क्षणापासून आतलं पाणी कोरड्या कवचाकडे सरकू लागतं.

म्हणून गरम चकत्या ताटलीत रचू नका. ताटलीला टेकलेली बाजू आधी ओली पडते; काढून बघाल तर खाली वाफेचं गोल दव जमलेलं दिसेल. तारेच्या जाळीवर पसरा, झाकण ठेवू नका. कढईतल्या पदार्थापेक्षा इथे एक गोष्ट चांगली आहे. तळलेला पदार्थ बरंचसं तेल बाहेर काढल्यावर पितो: निवताना आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. आपल्या चकत्यांवर ओढायला जास्तीचं तेल नसतंच. चुऱ्याला लावलेले दोन चमचे, तेवढंच. मीठ मात्र कमी होत नाही. अशा काकडीत १०० ग्रॅममागे साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. म्हणून चुऱ्यात वेगळं मीठ घालू नका; लाल तिखट आणि थोडी लसणाची पूड पुरे.

सोबत घट्ट दही, त्यात चिरलेला शेपू. आणि उरल्याच, तर दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर तीन-चार मिनिटं. कवचात शिरलेलं पाणी पुन्हा उडून जातं, भिंती पुन्हा काचेसारख्या होतात आणि जाळीवर टाकल्यावर चकती वाजते.