आयपी पत्ता नेमका कोणाचा?

ऑनलाइन गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या हाती बहुतेक वेळा आधी एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला दिलेला क्रमांक, लागतो आणि त्यामागचे नाव विचारण्यासाठी ते इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे जातात. अमुक वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाला दिला होता, याची नोंद तिच्याकडे असते. परंतु ही नोंद जोडणीची असते. त्याच वाय-फायवर घरातली चार माणसे, आलेगेले पाहुणे आणि पासवर्ड ठाऊक असलेला शेजारीही असू शकतो.

त्यात पत्त्यांच्या टंचाईची भर पडते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे साऱ्या जगासाठी सुमारे ४२९ कोटीच पत्ते उपलब्ध आहेत. ते पुरत नसल्याने अनेक कंपन्या, विशेषतः मोबाईल सेवा देणाऱ्या, एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात आणि कोणती माहिती कोणाकडे परतवायची, हे पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे त्या पत्त्यासोबत प्रत्येक जोडणीला दिलेल्या वेगळ्या क्रमांकावरून, ठरवतात. ज्या संकेतस्थळावर गुन्हा घडला, त्याने हा क्रमांक आणि अचूक वेळ नोंदवली नसेल, तर पोलिसांना एका नावाऐवजी लांबलचक यादी मिळते. वेळ टिपताना टाइम झोनची गफलत झाली, तर भलत्याच माणसाच्या दारावर थाप पडू शकते.

मुरलेला गुन्हेगार तर आपला पत्ता लपवणारे टॉरसारखे जाळे वापरतो. त्यात माहिती सहसा तीन टप्प्यांतून जाते: पहिल्या टप्प्याला पाठवणारा कळतो, शेवटच्याला मुक्काम कळतो, दोन्ही मात्र कोणालाच एकत्र कळत नाही. गंमत अशी, की या तंत्राचा पाया १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला. असे जाळे केवळ नौदलाने वापरले असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरला असता. लपायला गर्दी हवी, म्हणून ते सर्वांसाठी खुले असणे भाग होते. पत्रकार, छळाला कंटाळून पळालेली स्त्री आणि गुन्हेगार हे सारे त्या एकाच गर्दीत असतात.

युरोपीय संघाने २००६ मध्ये यावर सरसकट तोडगा काढला. कोण, कोणाशी, केव्हा आणि कुठून जोडले गेले, याच्या सर्वांच्या नोंदी कंपन्यांनी ६ महिने ते २ वर्षे जपून ठेवाव्यात, असा तो निर्देश होता. संभाषणाचा मजकूर त्यातून वगळला होता खरा, पण रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयाला किंवा वकिलाला फोन गेला, हे कळल्यावर मजकुराची फारशी गरज उरत नाही. ज्यांच्यावर कसलाही संशय नाही, अशांनाही हा निर्देश लागू होतो, या आक्षेपाला महत्त्व देत युरोपीय न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी तो रद्दबातल ठरवला.

मला सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१च्या बुडापेस्ट करारातली वाट अधिक पटते. विशिष्ट तपासासाठी हाती असलेली विशिष्ट माहिती पुसू नका, असा आदेश त्यानुसार कंपनीला एका वेळी कमाल ९० दिवसांसाठी देता येतो आणि ती माहिती प्रत्यक्ष ताब्यात घेण्यासाठी पोलिसांना त्या मुदतीत रीतसर परवानगी मिळवावी लागते.