मुंबई नभोवाणी केंद्र

मुंबई नभोवाणी केंद्र : मुंबई शहरातील ध्वनिक्षेपण केंद्र, आजचे आकाशवाणी मुंबई. त्याचा प्रारंभ केव्हा मानावा याविषयी एकमत नाही. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया व डाक-तार खाते यांनी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला व तो लॉइड यांनी पुण्यात ऐकला. काही लेखक येथूनच आरंभ धरतात. परंतु तो एकवारचा प्रयोग होता. बहुतेक संदर्भग्रंथ रेडिओ क्लबच्या १९२३ मधील प्रक्षेपणाला पहिला मान देतात व महिना सामान्यतः जून सांगतात. मात्र क्लबचे काम हौशी होते. ठरलेल्या वेळी, परवान्यानिशी आणि स्वतःच्या प्रक्षेपकावरून चालणारे केंद्र असा निकष लावल्यास २३ जुलै १९२७ हीच तारीख अधिक ग्राह्य ठरते. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन केले.

हा प्रक्षेपक मध्यम लहरींवरचा, दीड किलोवॉट शक्तीचा होता. त्याचा खात्रीचा पल्ला सुमारे ४८ किमी., म्हणजे कल्याणच्या थोडा पुढे. श्रोत्यांचा वार्षिक परवाना दहा रुपयांचा असे व त्यातील ८० टक्के रक्कम कंपनीला मिळे. कंपनीच्या सहा लाख रुपयांच्या भरणा भांडवलापैकी सुमारे साडेचार लाख मुंबई व कलकत्ता ही दोन केंद्रे उभारण्यातच गेले आणि १९२९ च्या अखेरीस देशभरचे परवाने आठ हजारांच्या आतच होते. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्या अपयशाचे खापर कार्यक्रमांवर फोडले जाते, ते न्याय्य वाटत नाही. एवढ्याशा पल्ल्यात खर्च भागेल इतके परवानाधारक श्रोते मिळणेच कठीण होते. १ एप्रिलपासून सरकारने हे केंद्र ताब्यात घेतले व जून १९३६ मध्ये ते ऑल इंडिया रेडिओचा भाग झाले. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी दहा किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाल्यावर मुंबईचा आवाज दूरच्या प्रदेशांत पोहोचू लागला.

१९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ याच शहरातून बोलत होता. १२ नोव्हेंबर रोजी पोलिसांनी तो पकडला. त्याचा या केंद्राशी संबंध नव्हता, पण शहराच्या नभोवाणी-इतिहासात त्याला वगळता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई ‘अ’ व मुंबई ‘ब’ अशी विभागणी रूढ झाली. मराठी श्रोत्यांचे केंद्र म्हणजे ‘ब’. त्याची ५५८ व ‘अ’ची १०४४ किलोहर्ट्झ ही वारंवारता नऊने भागली जाते, हा योगायोग नाही, जिनीव्हा येथील १९७५ च्या करारानुसार या भागातील मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली व ती योजना नोव्हेंबर १९७८ मध्ये अमलात आली. पुढे ‘ब’ला अस्मिता हे नाव मिळाले. कामगार सभा, वनिता मंडळ, गंमत जंमत ही सदरे सर्वपरिचित आहेत. प्रपंच मालिकेतील मीनावहिनी (नीलम प्रभू), प्रभाकरपंत (बाळ कुडतरकर) व टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी) यांच्या संवादांनी श्रुतिकेला घरगुती बोलीचा जो सहजपणा दिला, तो मराठी नभोनाट्याची मोठी मिळकत होय. संगीतकार यशवंत देव यांनी भावसरगम या कार्यक्रमातून नवी भावगीते घरोघरी नेली. मंत्रालयाजवळील केंद्राच्या इमारतीमुळे शेजारचे आमदार निवासही आकाशवाणी या नावाने ओळखले जाते.

आकाशवाणीवर चित्रपटगीतांना १९५२ नंतर आलेल्या बंधनांमुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यावर उतारा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर जाहिराती घेण्यास आरंभ झाला आणि तेथपासून कार्यक्रमाचा साचा पंधरा मिनिटांच्या भाषणाकडून गीत, जाहिरात, पुन्हा गीत असा सरकत गेला.

१९९३ मध्ये एफएमवरील वेळ खाजगी निर्मात्यांना भाड्याने देण्यात आला. ही व्यवस्था १९९८ मध्ये संपली. २००२ मध्ये शहरात स्वतंत्र खाजगी केंद्रे सुरू झाली. जबर वार्षिक परवानाशुल्कामुळे बहुतेकांनी हिंदी चित्रपटगीतांचाच आश्रय घेतला व मराठीला जागा फार कमी राहिली. २००५ च्या धोरणाने शुल्क उत्पन्नाच्या चार टक्क्यांशी जोडले. स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र मनाई कायम ठेवली.