प्रीबायोटिक खाद्यपूरके आणि ब्रॉयलरमधील साल्मोनेला

कोंबडीला स्वतःला पचत नाही, पण तिच्या आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंना पोसते, अशा खाद्यपूरकाला प्रीबायोटिक म्हणतात. ही संज्ञा गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या पालनात साल्मोनेला या रोगकारक जीवाणूला आळा घालण्यासाठी ही पूरके वापरतात.

साल्मोनेलाचे गॅलिनेरम आणि पुलोरम हे प्रकार कोंबड्यांनाच आजारी पाडतात. एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम मात्र माणसाला बाधतात. त्यांची लागण झालेला पक्षी बहुधा धडधाकट दिसतो, वजनही धरतो; जंतू अंधनालात (लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या बंद पिशवीत) राहतात आणि विष्ठेवाटे शेडभर पसरतात. त्यामुळे मर नाही म्हणजे साल्मोनेला नाही, असे कुणी धरून चालू नये.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. तिथे आधी कोण ठाण मांडतो, यावर पुढचे बरेच ठरते. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जीवाणू पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला जागा उरत नाही, हे फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवले. प्रीबायोटिक बाहेरून जीवाणू आणत नाही; आत असलेल्या उपयोगी जीवाणूंना चारा पुरवते. फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड आणि इन्युलिन ही प्रीबायोटिके अंधनालात आंबतात, लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम हे उपयोगी जीवाणू वाढतात, आम्लता वाढते आणि साल्मोनेलाची वाढ अडखळते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणारे मॅनन-ऑलिगोसॅकराइड निराळ्या रीतीने काम करते. साल्मोनेला आपल्या केसासारख्या तंतूंनी आतड्याच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला चिकटतो. खाद्यात तीच शर्करा आली की तो तिलाच धरून बसतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. याला काटेकोर अर्थाने प्रीबायोटिक म्हणावे का, याबद्दल मतभेद आहेत, व्यवहारात म्हणतात. त्याचे प्रमाण साधारण टनभर खाद्याला १ ते २ किलो असते. ही द्रव्ये जिवंत नसल्याने गोळीखाद्य बनवतानाची उष्णता त्यांना प्रोबायोटिकपेक्षा, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या पूरकापेक्षा, अधिक सोसते.

कोकणात या पूरकांची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. गटारीला विकायची बॅच साधारण जूनमध्ये भरावी लागते, म्हणजे तिचे ३५ ते ४२ दिवस ऐन पावसात जातात. हवा दमट, पडदे खाली सोडलेले, भाताच्या तुसाचे लिटर (जमिनीवरचे अंथरण) ओले. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडावी: गोळा लगेच विस्कटला तर लिटर ठीक, तसाच राहिला तर ओल जास्त. अशा ओलीत साल्मोनेला टिकतो आणि पिल्ले दिवसभर तेच टोचत असतात. किनाऱ्यावर उघड्या वाळूत वाळवलेली मासळी खाद्यात वापरली, तर तिथे येणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले जंतू तिच्यातूनही शिरू शकतात. इतके जंतू रोज आत जात असतील तर कुठलीही पुडी पुरी पडत नाही. प्रीबायोटिक साल्मोनेलाचे प्रमाण कमी करते, त्याचा नायनाट करत नाही. प्रयोगांचे निकालही सगळीकडे सारखे आलेले नाहीत. मात्र पहिल्या दिवसाच्या खाद्यापासून दिलेले पूरक तिसऱ्या आठवड्यात आठवण झाल्यावर दिलेल्यापेक्षा अधिक उपयोगी, कारण आतड्यातली वस्ती सुरुवातीलाच ठरते.

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, तेव्हापासून या पूरकांची मागणी वाढली. भारतात २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यास मनाई झाली.

गाडी भरण्याआधी काही तास खाद्य काढून घेतात. भुकेले पक्षी या वेळात लिटर टोचू लागतात आणि साल्मोनेला गळ्यातल्या खाद्यपिशवीत वाढतो. कापताना ती फुटली तर जंतू थेट मांसावर येतात.