पायी फिरता येणारी वस्ती : छत्रपती संभाजीनगरमधील पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात घर घेताना किमतीनंतरचा प्रश्न असतो तो नळाला पाणी किती दिवसांआड येते हा. शाळा, भाजी मंडई आणि दवाखाना पायी गाठता येईल का, हा विचार त्यानंतर येतो. प्रत्यक्षात या प्रश्नाचे उत्तर त्या वस्तीची आखणी कोणत्या काळात झाली आणि त्या वेळी पाणी, बाजार व रोजगार कोठे होते, यातच दडलेले असते.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी, राजधानी वसवली, तेव्हा उत्तरेकडील डोंगरांतले पाणी भूमिगत नहरीने आणि खापरी नळांनी शहरात आणले गेले. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत शहराचे नाव औरंगाबाद झाले, बेगमपुरा, नवाबपुरा असे पुरे म्हणजे उपनगरे वाढत गेली आणि १६८२ मध्ये तटबंदी उभी राहिली. घोडा, पालखी किंवा बैलगाडी परवडत नसलेल्या बहुसंख्यांना रोजचे व्यवहार पायीच उरकावे लागत, त्यामुळे पाण्याचा हौद, बाजार आणि प्रार्थनास्थळ वस्तीच्या जवळ असणे ही सोय नव्हती, ती गरज होती.

जुन्या शहरातील गुलमंडीचा परिसर आजही याच कारणामुळे पायी चालणाऱ्याचा आहे. सुपारी हनुमानापासून निघून मछली खडक, रंगारगल्ली, कासारी बाजार आणि सराफा असे फिरले, तर बांगड्या, कापड, दागिने आणि पूजेचे साहित्य यांसाठी कोठेही वाहन काढावे लागत नाही. औरंगपुऱ्याची भाजी मंडई आणि सरस्वती भुवन शाळाही फार दूर नाहीत. खाली दुकान आणि वर घर अशी रचना असल्यामुळे रस्त्यावर दिवसभर जाग असते, आणि बोळ अरुंद असल्याने एप्रिल-मेच्या उन्हातही एका बाजूला सावली मिळते. या भागाचे दोषही लहान नाहीत. दुचाकींच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला जीव मुठीत धरून चालावे लागते, जुन्या वाड्यांचे जिने चढणे कठीण असते आणि गाडी लावायला जागा नसते. तरीही ज्या घरात वृद्ध आणि लहान मुले दोन्ही आहेत, त्यांनी हा भाग केवळ जुना म्हणून नाकारू नये, असे मला मनापासून वाटते.

हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी रेल्वे आली. स्टेशन तटाबाहेर, जुन्या बाजारापासून दूर राहिले आणि शहर त्या दिशेने पसरू लागले. त्याच राजवटीत लातूरला फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार गंजगोलाई उभी राहिली. तेथे सोळा रस्ते एका गोल बाजारपेठेला येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांलगत राहणाऱ्यांचा बाजारहाट आजही पायी होऊ शकतो.

खरा बदल घडवला तो औद्योगिक वसाहतींनी. आधी चिकलठाणा आणि मग १९८० च्या दशकात वाळूज येथे कारखाने आले आणि कामाची जागा घरापासून कित्येक किलोमीटर दूर गेली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या राज्याच्या नगरनियोजन महामंडळाने जालना रस्त्याच्या परिसरात एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या वसाहती आखल्या. त्यांत अंतर्गत रस्ते, मोकळी मैदाने आणि दुकानांसाठी राखीव जागा होत्या. एन-५ मधील कॅनॉट त्यातूनच बाजारपेठ म्हणून वाढले. कारखान्यातील नोकरदाराला कंपनीची बस ज्या चौकात थांबते तेथपर्यंत चालत जाता आले, की बाकीचे अंतर बस पार करी, आणि म्हणून या वसाहतींत मध्यमवर्ग स्थिरावला. मात्र जालना रस्ता वाहनांसाठी रुंदावत गेला, त्यावर उड्डाणपूल झाले, आणि समोरच्या बाजूला पायी ओलांडून जाणे हे वसाहतीच्या आत फिरण्याहून कितीतरी अवघड होऊन बसले. याच कारणाने एकाच परिसरातील दोन घरांची सोय, रस्त्याच्या कोणत्या बाजूला घर आहे यावर, पार वेगळी असू शकते.

सिडकोच्या आखणीत ज्यांना परवडणारी जागा मिळाली नाही, त्यांनी शेतजमिनीचे गुंठ्यांत पाडलेले तुकडे घेतले. गुंठेवारीच्या या वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला. पण तोवर अनेक ठिकाणी घरे उभी राहिली होती आणि मैदान, शाळा किंवा पदपथ यांसाठी जागा उरली नव्हती. अशा वस्तीत किराणा आणि गिरणी कोपऱ्यावर सापडते, कारण ती कोणीही आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू करू शकतो. शाळेला आणि बागेला मात्र मोठी जागा लागते आणि ती आधीच राखून ठेवलेली असावी लागते. शहराच्या दक्षिणेला, बीड बायपासच्या पलीकडे सातारा-देवळाईत घर पाहणाऱ्याने म्हणूनच बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकाऐवजी मंजूर लेआउटचा नकाशा मागावा, त्यात राखीव मोकळी जागा प्रत्यक्षात कोठे आहे ते जाऊन पाहावे, आणि शाळेच्या वाटेवर बायपास ओलांडावा लागतो का याची मुलांना सोबत घेऊन, सकाळच्या गर्दीच्या वेळी खात्री करून घ्यावी.