‘भारतीयांना धाकच लागतो’ हे कुठून आलं?

मुंबईत बीकेसीपासून अंधेरीपर्यंतच्या ऑफिसांत एक समज अजून पक्का आहे: आपल्या माणसाला कडक साहेबच हवा असतो. त्यासाठी संशोधनातला जो आकडा पुढे करतात, तो चुकीचा वाचला जातो. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे दिवंगत प्राध्यापक रॉबर्ट हाऊस यांच्या ‘ग्लोब’ या संस्कृती आणि नेतृत्वावरच्या संशोधन प्रकल्पात 62 समाजांतल्या सुमारे 17,000 मधल्या फळीच्या व्यवस्थापकांना 1 ते 7 च्या मोजपट्टीवर दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या होत्या: इथे अधिकारात वरचे-खालचे यांतलं अंतर किती आहे, आणि किती असावं? भारतात ‘आहे’ मोठं आलं, ‘असावं’ बरंच खाली. लोक पहिलाच आकडा आवड म्हणून सांगतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. शिवाय ही समाजाची सरासरी. समोरच्या एका कर्मचाऱ्याला ती लावता येत नाही. याच अभ्यासात विश्वासू, न्यायी, प्रामाणिक नेता मात्र जगभर पसंत पडला.