पोलादातला हायड्रोजन सोमवारपर्यंत थांबत नाही

"पोलाद इतकं घट्ट, त्यातला वायू जाणार कुठे? तुकडा सोमवारी लॅबला पाठवू." वेल्डमध्ये (वितळवून जोडलेल्या सांध्यात) किती हायड्रोजन शिरलाय ते मोजायची वेळ आली, की फॅब्रिकेशन शॉपमध्ये, म्हणजे पोलाद कापून-जोडून वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात, वर्षानुवर्षं चालत आलेलं हे वाक्य साध्या पोलादापुरतं साफ चूक आहे.

हायड्रोजनचा अणू इतका लहान, की लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून तो खोलीच्या तापमानालाही बाहेर सटकतो. नुकताच थंड केलेला वेल्ड ग्लिसरीनमध्ये बुडवला, की त्यावरून बारीक बुडबुड्यांची माळ चढताना दिसते. (ही जुनी पद्धत आकडा कमीच दाखवते, थोडा वायू ग्लिसरीनमध्येच विरघळतो.) म्हणून नमुना वेल्ड होताच बर्फाच्या पाण्यात विझवतात आणि हायड्रोजन आतच अडकून राहावा म्हणून कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) उणे ७८ अंशांना किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ला ठेवतात. मग तो तापवून निघालेला वायू मोजतात.

१०० ग्रॅम वेल्डमध्ये ५ मिलिलिटर हायड्रोजन, म्हणजे वजनाने दशलक्षात जेमतेम साडेचार भाग. तेवढ्यानेही जास्त ताकदीचं, कडक पोलाद तडकू शकतं, तेही कधीकधी दोन दिवसांनी! सोमवारी आलेला कमी आकडा वेल्ड चांगला असल्याचा पुरावा नव्हे. वायू शनिवार-रविवारीच पसार झाला असेल.

ऑस्टेनिटिक स्टेनलेसमध्ये (सहसा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलमध्ये) मात्र हायड्रोजन फारच सावकाश सरकतो. तिथे सोमवार बहुधा खपून जाईल.